चिंचेनं घासलेलं विमान

बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत कोण कशात हुशार निघेल याचा काही नेम नव्हता. तिथं बी.कॉम. झालेली माणसं रंगाची पिंपं ढकलायची, आणि जालन्याकडून आलेली, सहीच्या जागी अंगठा उमटवणारी रंभाबाई मोडीत निघालेल्या लढाऊ विमानांचे भाग ओळखायची. ओळखायची म्हणजे कशी, तर पेटीत हात घालायचा, वस्तू दोनदा फिरवायची आणि "हे उंचीचं, हे वेगाचं, आन् हे मेलेलं" असं सांगून मोकळं व्हायचं. तिला कुणी तज्ज्ञ म्हटलं असतं, तर ती तोंडाला पदर लावून पोटभर हसली असती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या मागोमाग ती नवऱ्याबरोबर इथं आली. नवरा चंद्रभान सुताला रंग देणाऱ्या कारखान्यात लागला. माणूस मोजून बोलणारा. दोघांच्या वाट्याचं बोलणं रंभाबाईच उरकायची, त्यामुळे संसारात भांडण असं फारसं झालंच नाही. पोरगी सुलू लग्न होऊन सफाळ्याला गेली, तशी रंभाबाई घरात बसून कंटाळली आणि पुंडलिक सावे यांच्या भंगारच्या वखारीत माल निवडायला जाऊ लागली.

हे पुंडलिकशेठ पालघरजवळच्या माहीमकडचे वाडवळ. नाकावर राग आणि जिभेवर गूळ, फक्त दोन्ही एका वेळी कधी नाही. लष्कराच्या लिलावात बोली लावून ते जुनं सामान उचलायचे. त्यात कधी कधी विमानांची नुसती नाकाडं ट्रकवर चढून यायची. पत्रा भट्टीला जायचा. पण वैमानिकाच्या पुढ्यात जी फळी असते, तिच्यावरची घड्याळासारखी यंत्रं शेठ भट्टीला देत नसत. मुंबईचे हौशी लोक, कॉलेजांच्या प्रयोगशाळा, असली गिऱ्हाइकं ती अख्खी मागायची. मात्र कुठलं यंत्र कशाचं आणि त्यात जीव आहे की नाही, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. शेठना इंग्रजी वाचता येई, पण तबकडीवरची अक्षरं अर्धी पुसलेली असत. तीन वर्षांत ते काम आपसूक रंभाबाईकडे आलं. बदामाच्या झाडाखाली तिच्यासाठी सागाचा एक पाट टाकला गेला आणि अख्ख्या वखारीत बसायला पाट असलेली ती एकटीच झाली.

नावं तिनं स्वतःच ठेवली होती. ज्याच्या पाठीला रबरी नळ्या लावायच्या दोन बोंड्या, ते वेगाचं, म्हणून 'दोनबोंड्या'. तीन काटे आणि पुढं खाली एक फिरकी, ती उंचीची 'तीनकाटी'. बोंडीत जराशी फुंकर मारली तरी जिचा काटा दचकतो ती चढ-उताराची 'भित्री'. काळ्या तबकडीवर आडवी पांढरी रेघ असलेली 'रेघवाली' म्हणजे विमान तिरकं झालंय की सरळ ते सांगणारी. दिशेच्या यंत्राच्या पोटात जड चाक गरगरतं, म्हणून तो 'भवरा'. आणि वळणाचं यंत्र हातात हलवलं की काटा झोपाळू माणसागत मान टाकतो, म्हणून ती 'डुलकी'. शेठही पुढं पुढं गिऱ्हाइकाला फोनवर "दोन डुलक्या आल्या हायत" असं सांगून जायचे आणि मग जीभ चावायचे.

असं सगळं बरं चाललेलं असताना रंभाबाईच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी लांबचं गेलं, मग जवळचं. दोन वर्षांत अशी अवस्था आली की समोरचं सगळं पातळ ताकातून बघावं तसं दिसायचं. माणूस उभा आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून. तिनं हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. कारण तिच्या आधी माल निवडायला रखमाबाई होती. रखमाबाईच्या नजरेला कमी आल्याचं शेठना कळलं, तेव्हा त्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी वायरींच्या ढिगावर बसवलं. तिथं दिवसभर वायरी सोलत बसायचं. काम काही वाईट नव्हतं. पण तिथं तुम्हाला कुणी काही विचारत नाही. रंभाबाईला साठ पायऱ्या चढायला सांगितल्या असत्या तरी चाललं असतं, पण पाटावरून उठायची तिची तयारी नव्हती. मोठमोठे लोक येऊन "बाई, हे काय आहे?" विचारतात, याची तिला चटक लागली होती, आणि खरं सांगायचं तर अशी चटक कुणाला लागत नाही?

हे गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं. ती जमुना. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. पावसाळ्यात घरची भातलावणी उरकून उरलेलं वर्ष वखारीत काम करणारी. तिनं कधी विचारलं नाही आणि रंभाबाईनं कधी सांगितलं नाही. पण पेटी आली की जमुना शेजारी उकिडवी बसायची आणि स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटायची, "ह्याची काच फुटलेली हाय... ह्याला लाल पट्टी हाय..." शेठ आले की गप्प. अशी दोन वर्षं गेली.

अठ्ठ्याऐंशी साली दसऱ्याच्या आठवडाभर आधी वखारीत चुरीसाहेब आले. हवाई दलातून निवृत्त होऊन माहीमला पानवेली लावून बसलेले वैमानिक. पांढऱ्या मिशा, पायात साध्या चपला. कोपऱ्यात विमानांच्या उघड्या फळ्या रचल्या होत्या, त्यातली एक त्यांनी ओढून बाहेर काढली, तिच्यावरचा आकडा पुसून पाहिला आणि तिथंच एका पिंपावर बसले.

"शेठ, हे व्हॅम्पायर विमान मी चालवलंय," ते म्हणाले. "हेच. ह्यानं मला दोनदा सुखरूप खाली आणलंय. ह्याची यंत्रं कुठं आहेत?"

यंत्रं होती चाळीसेक, सहा-सात विमानांची एकत्र झालेली. पण पूर्वीच्या कुणा मेकॅनिकनं प्रत्येकाच्या पाठीवर त्या त्या विमानाचा आकडा पांढऱ्या रंगानं घातलेला होता. शेठ आणि साहेब दोघांनी मिळून तासाभरात सहाच्या सहा शोधली. साहेबांनी ती एकेक करून रुमालानं पुसली. फळी ते बरोबर घेऊन गेले. सुताराकडून तिला चौकट करून घ्यायची होती. "यंत्रं दसऱ्याला नेतो, दिवस चांगला आहे," असं ते म्हणाले. शेठनी ती सहा यंत्रं एका वेगळ्या गोणपाटावर, रंभाबाईच्या पाटापासून तीन हातांवर मांडली आणि बजावलं, "ह्यांच्यावर नजर ठेव." रंभाबाईनं मान डोलावली. दुसरं काय करणार?

आता खंडेनवमीचं कसं असतं ते सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा. वखारीत हातोडे, छिन्न्या, मोठा काटा, वजनं, सगळं सकाळी हातपंपावर नेऊन चिंच, राख आणि विटेचा चुरा लावून काथ्यानं लखलखीत घासायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, मग दुपारी शेठ नारळ फोडणार. घासायचं काम जमुनाकडे होतं. वजनं झाली, छिन्न्या झाल्या, आणि तिची नजर गोणपाटाकडे गेली. लढाईच्या विमानाची यंत्रं, म्हणजे हत्यारंच ती! लोखंडी हातोड्याची पूजा करायची आणि ह्यांना तशीच कळकट ठेवायची? शिवाय उद्या साहेब न्यायला येणार. माल रंभाबाईच्या ताब्यातला. चकचकीत दिसला तर नाव कुणाचं होईल? तिनं सहाच्या सहा उचलली आणि मन लावून घासली. मग तिला बाकीच्यांची कणव आली. चौतीस यंत्रं पेटीत पडून होती, त्यांनी काय पाप केलं होतं? तीही घासली. सगळी चाळीस ताडपत्रीवर उन्हात मांडली आणि एकेकाला कुंकवाचं बोट लावलं.

रंभाबाई तीन हातांवर बटणांची पेटी निवडत बसली होती. काथ्याचा आवाज तिला येत होता. वजनं घासतायत, असं तिला वाटलं.

दुपारी शेठ नारळ घेऊन आले आणि ताडपत्रीपाशी थबकले. यंत्रं अशी चमकत होती की बघत राहावं. त्यांनी एक उचलून पालथं केलं. दुसरं केलं. दहावं केलं. पाठीवरचे पांढरे आकडे चिंचेबरोबर हातपंपाच्या गटारात गेले होते, आणि सहा कुठली, चौतीस कुठली, हे आता त्या मेकॅनिकलाही सांगता आलं नसतं.

शेठच्या जिभेवरचा गूळ त्या दिवशी संपला. जमुनाला ते काय काय बोलले ते इथं सांगण्यात अर्थ नाही. जमुना हातातला काथ्या पिळत उभी राहिली. मग ते रंभाबाईकडे वळले.

"आणि तू? तुझ्या डोळ्यांदेखत घासली ना ही? तुला दिसलं नाय?"

दोन वर्षं जो प्रश्न कुणी विचारू नये म्हणून रंभाबाई देवाला हात जोडत होती, तो चारचौघांत, भर उन्हात येऊन पडला. तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"दिसलं की शेठ. म्याच घास म्हन्ले. आकडा गेला तर गेला, वस्तू तर हाय न्हवं? उद्या सायब यायच्या आत सहाच्या सहा काडून देते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "नाय निघाली तर?" शेठ म्हणाले. "तर दसऱ्यानंतर त्या वायरींच्या ढिगावर जाऊन बसायचं." आणि रागारागानं त्यांनी नारळ असा आपटला की अर्धी करवंटी रस्त्यावर गेली.

जमुनानं ताडपत्री पाटापाशी ओढून आणली. "रंभाबाय, मी काय केला हा?" म्हणत ती रडायला लागली. रंभाबाई म्हणाली, "गप. आदी मला सारक्या-सारक्याचे सहा ढीग घालू दे."

ढीग घालणं तिला अवघड नव्हतं. दोनबोंड्या एकीकडे, तीनकाट्या एकीकडे. पाव तासात सहा ढीग पडले. पण प्रत्येक ढिगात सहा-सात यंत्रं, एकाच कारखान्यातली, एकाच मापाची. त्यांतलं साहेबांचं कोणतं? शेठ समोरच टेबलाशी बसलेले, म्हणून ती प्रत्येक यंत्र सोनारासारखं डोळ्यापाशी नेऊन उजेडाकडे तोंड करी. त्या सोंगानंच तिला घाम फुटला. अर्धा तास असा गेला आणि हाताला काही लागेना.

मग तिला तिचं बोट आठवलं. गेल्या वर्षी पावसाआधी ही यंत्रं फळ्यांवरून तिनंच उतरवली होती. बाकीची बहुतेक सरळ निघाली. एका फळीनं मात्र जीव काढला, आणि साहेबांनी नेली ती हीच, हे जमुनानं तिला तेव्हाच पुटपुटून सांगितलं होतं. तिची भोकं स्क्रूंशी नीट जुळत नसावीत. कुणीतरी यंत्रांना फळीवर अडकवायच्या कानांतली भोकं गोल कानशीनं घासून लांबट केली होती. त्या धारेवर तिचं बोट कापलं होतं आणि आठ दिवस भाकरी थापताना ठणकलं होतं. चिंच रंग काढते, पण कानशीचं काम तिला कुठलं निघायला?

तिनं डोळ्यापाशी नेणं सोडून दिलं. यंत्र मांडीवर, बोट भोकात. गोल. गोल. गोल. लांबट! पहिली तीनकाटी निघाली. मग दोनबोंड्या, मग रेघवाली. उन्हं कलेपर्यंत पाच निघाली आणि जमुनाचं रडं थांबलं.

डुलकीपाशी गाडी अडली. सातांत दोन डुलक्यांची भोकं लांबट निघाली. म्हणजे दुसऱ्याही कुठल्या फळीवर कुणीतरी कानस चालवली होती. रंभाबाईनं दोन्ही मांडीवर घेतल्या. निवडलेल्या पाचांवरून पुन्हा बोट फिरवलं. पाचांतही घासणाऱ्यानं उजव्या अंगाला जास्त जोर दिला होता. एकाच हाताची सवय होती ती. कुणाच्या भाकरीवर कुणाची बोटं उमटली हे बाईला कळतं, तसं तिला ते कळलं. एका डुलकीत भोक उजवीकडे खाल्लेलं होतं, दुसरीत डावीकडे. तिनं डावी बाजूला सारली आणि पाण्याचा तांब्या मागितला.

दसऱ्याला अकरा वाजता चुरीसाहेब आले. सागवानी चौकटीत बसवलेली फळी त्यांनी रिक्षातून स्वतः उचलून आणली. शेठनी तोंड वाकडं करून आदल्या दिवशीची सगळी हकीकत सांगितली. साहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "बघू या," म्हणून त्यांनी खिशातून स्क्रू आणि पेचकस काढला.

तीनकाटी बसली. दोनबोंड्या बसला. चारी स्क्रू सुतासारखे सरळ गेले. रेघवाली, भित्री, भवरा. वखारीतली कामं थांबली होती. शेवटची डुलकी. साहेबांनी ती भोकात ढकलली, पहिला स्क्रू लावला, दुसरा, तिसरा. चौथा थोडा अडला, मग वळला. त्यांनी बाजूला सारलेली दुसरी डुलकी मागून घेतली, लावून पाहिली. ती काही केल्या बसेना. पुन्हा रंभाबाईचीच बसवली.

"शेठ," साहेब म्हणाले, "आकडा पुसला गेला ते बरंच झालं. आकडा काय, कुणीही वाचतो."

शेठची कळी खुलली. "रंभाबाई, तुझा पाट तुलाच," ते म्हणाले. "पण जमुना, तुझा हिशेब आज संपला. तिनं सांगितलं असलं तरी, ज्याला वजन आणि यंत्र यातला फरक कळत नाय, ते माणूस मला नको."

जमुनानं डोकीवरचा पदर सारखा केला आणि डबा उचलायला वळली. एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती. म्हातारीच्या शेजारी घासत होते, तिला दिसलं नाही, एवढंच. तिनं ते म्हटलं नाही. आणि रंभाबाईला काल धोक्यात आलेला, आज शेठनी पुन्हा दिलेला तो पाट एकाएकी टोचायला लागला. ती उठून उभी राहिली.

"शेठ, म्या खोटं बोल्ले. घासायला म्या सांगितलं नव्हतं. माज्यासमोर बसून घासलं तिनं, आन् मला दिसलं न्हाई. दोन वर्सं झाली, मला काईच दिसत न्हाई. माल ही सांगती मला. तिला ठिवा. म्या जाते वायरीवर."

शेठनी तिच्यासमोर हात हलवून पाहिला. ती हलली नाही.

"मग काल चाळीसातली सहा काढलीस ती?"

"हातानं."

चुरीसाहेब फळीसमोर उकिडवे बसले होते. ते तसेच बोलले. "शेठ, आम्हाला हे विमान पहिल्यांदा एकट्याला द्यायच्या आधी खुर्चीत बसवून डोळ्यांवर फडकं बांधायचे. मास्तर नाव घेणार, आपण बोट लावायचं. उंची, वेग, चाकांची दांडी. एक जरी चुकलं तरी खाली उतरायचं. मी पहिल्या खेपेला तीन चुकलो होतो." मग रंभाबाईकडे वळून ते म्हणाले, "बाई, तुम्ही एकही चुकला नाहीत."

दोघांच्या वाट्याचं बोलणारी रंभाबाई, पण त्या वेळी तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला. शेठ खाकरले. रागाच्या भरात बोललेलं मागं घ्यायचं तर त्यांना नेहमी कशावर तरी ओरडावं लागे, तसे ते ओरडले. "डोळसांनी घालवलं आणि आंधळीनं आणलं! माझ्याच वखारीत व्हायचं हे! बसा दोघी जागेवर. जमुना, पुढच्या वर्षी पूजा करायची तर कोरड्या फडक्यानं पुस. आणि रंभाबाई, पालघरला मोतीबिंदूचा कॅम्प लागतो डिसेंबरात. गाडी मी पाठवीन. नाय म्हणायचं नाय." साहेबांनी खिशातून आपट्याची पानं काढून दोघींच्या हातात दिली. जमुना लगेच त्यांच्या पाया पडायला वाकली आणि तिच्या हातांच्या धुळीनं त्यांची चप्पलच माखली.

संध्याकाळी रंभाबाई घरी आली ती ठरवूनच. चंद्रभान पुरणपोळीला बसला होता. दसऱ्याची सुट्टी होती आणि पोळ्या शेजारणीनं लाटून दिल्या होत्या. तिनं वाटीत तूप सोडलं आणि समोर बसली.

"आवो, एक सांगायचंय. रागावू नका. मला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली."

चंद्रभाननं घास संपवला. "ठावं हाय," तो म्हणाला.

"ठावं हाय? कसं?"

"घरातल्या सुया कोन ओवून ठिवतं?"

रंभाबाई बघतच राहिली. म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं. दोन वर्षं गोधडीला टाके घालताना, झंपराची उसवण शिवताना, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला सहा-सात सुया ओवलेल्या खोचलेल्या असत. लाल दोऱ्याच्या, काळ्या, पांढऱ्या. आपणच कधीतरी ओवून ठेवल्या असतील, असं समजून ती एकेक काढून वापरत आली होती. दर रविवारी ती बाजाराला गेली की हा मुका माणूस उंबऱ्यात उजेडाला बसून सुया ओवत होता.

"मंग बोलला का न्हाईत?"

"तू सांगशील म्हन्लं," चंद्रभान म्हणाला. "आनखी एक पोळी हाय का?"